थंडीतली एक दिवसाची सहल : आधी ठिकाण ठरवावे की जेवण?

कोथरूडचा रहिवासी :

सर्वांना नमस्कार. मार्गशीर्ष लागला आणि सकाळी दूध आणायला जाताना कानटोपी शोधावी लागू लागली, की आमच्या घरी ‘एक दिवस कुठेतरी जाऊन येऊ’ हा विषय निघतो. वडील दर वर्षी ‘ही कसली थंडी, पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता’ असे ऐकवतात. त्यांचा स्वतःचा जन्म त्यानंतर तेरा वर्षांनी झाला, हे आम्ही त्यांना सांगत नाही.

आमची अडचण ठिकाणांची नाही, जेवणाची आहे. सकाळी उत्साहाने निघावे, देऊळ किंवा धरण पाहावे आणि दुपारी दोन वाजता भूक अनावर झाली की हमरस्त्यावरच्या पहिल्या मोठ्या हॉटेलात शिरून तेच पनीर, तीच तंदुरी रोटी आणि तोच जिरा राइस मागवावा, असे गेली काही वर्षे चालले आहे. हे जेवण कर्वे रस्त्यावर मिळते. त्यासाठी दोन टोलनाके ओलांडण्याची गरज नाही.

गेल्या वर्षी आम्ही थोडा अभ्यास करून नगर रस्त्याकडच्या एका शेतघरावर ‘हुरडा पार्टी’चे आगाऊ पैसे भरले. तिथे ध्वनिवर्धकावर गाणी लावलेली होती, लहान मुलांसाठी घोडा होता, सेल्फीसाठी बैलगाडी होती आणि हुरडा मात्र प्लास्टिकच्या पिशवीतून काढून कढईत तेल-मीठ घालून परतलेला होता. आईने दोन घास खाल्ले आणि ‘हा काल भाजलेला आहे’ एवढेच म्हणून ताटली खाली ठेवली. मंचुरियनपुढे मात्र मोठी रांग होती.

म्हणून या वर्षी उलटा विचार करतो आहे. आधी जेवण ठरवावे आणि ते जिथे व ज्या आठवड्यात खरे मिळते, तिकडे गाडी वळवावी. सकाळी निघून दिवेलागणीपर्यंत घरी पोहोचता यावे, अंतर एका बाजूने फार तर १०० किलोमीटर असावे आणि आईच्या गुडघ्यांमुळे पायऱ्या कमीत कमी असाव्यात. बरोबर नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुले आहेत. त्यांना देवळापेक्षा वेगळे काही दिसले तर बरे. जाणकारांनी आपले अनुभव सांगावेत ही विनंती.

शिवारातली :

आपण गेल्या वर्षी जे खाल्ले त्याला आमच्याकडे हुरडा म्हणत नाहीत. माझे माहेर शिरूर तालुक्यातले आहे, त्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहिण्याचा हक्क घेते.

रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरली जाते आणि साधारण डिसेंबरच्या उत्तरार्धापासून तिच्या कणसात दाणा भरू लागतो. दाणा दुधाळ असतो तेव्हा तो हुरड्याला फार कोवळा असतो, आणि कडक होऊ लागला की हंगाम संपला. या दोहोंच्या मधले, नखाने दाबला तर दाणा दबतो पण फुटून पाणी होत नाही असे मोजके दिवस हुरड्याचे असतात. एका तुकड्यातला हुरडा जेमतेम आठवडाभर पुरतो, म्हणून जाणते शेतकरी हुरड्याची ज्वारी थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने वेगवेगळ्या वाफ्यांत पेरतात. फोनवर ‘हुरडा आहे का’ असे न विचारता ‘कोणत्या तारखेला कोणत्या रानातला हुरडा आगटीवर येणार आहे’ असे विचारावे. समोरची व्यक्ती उत्तर देताना अडखळली, तर तिथे जाऊ नये.

वाणाचेही विचारावे. मालदांडी ही भाकरीची ज्वारी. तिचाही हुरडा होतो, पण दाणा कोंड्यातून लवकर सुटत नाही. गूळभेंडी आणि सुरती हे जुने हुरड्याचे वाण, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी काढलेले फुले उत्तरा आणि फुले मधुर. गूळभेंडीचा दाणा गोड असतो आणि कणीस गरम असताना तळहातावर चोळले की सहज मोकळा होतो.

आगटीचे सांगते, कारण खरा हुरडा तिथेच ठरतो. जमिनीत वीतभर खोल खड्डा करून त्यात गोवऱ्या रचून पेटवतात, आणि जाळ पूर्ण विझून निखाऱ्यांवर राखेची साय धरेपर्यंत थांबतात. ज्यांना हे थांबणे जमत नाही त्यांचा हुरडा बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. मग कणसे देठाला धरून त्या राखेत खुपसतात. थोड्या वेळात हिरवट, किंचित गोडसर धूर येऊ लागतो आणि कणसातून चटचट आवाज येतो. भाजणारा माणूस कणीस काढून ते एकदा जमिनीवर आपटतो, राख झटकतो आणि दोन्ही तळहातांत धरून चोळतो. हात भाजत असतात, पण थांबले तर दाणा सुटत नाही. सुपात पाखडून कोंडा उडवला की मूठभर हिरवागार, वाफाळलेला हुरडा आपल्या पानावर येतो. तो तीन-चार मिनिटांत खायचा असतो, कारण गार झाला की वातड होतो. जोडीला लसणाची किंवा जवसाची चटणी, दही, गुळाचा खडा आणि रेवड्या. हुरड्यावर लगेच पाणी पिऊ नये, ताक प्यावे, असे आमच्या घरातली मोठी माणसे सांगत. पाहुण्यांच्या मनगटावरची घड्याळे काढायला लावणे हा माझ्या आजोबांचा नियम होता. त्याचे कारण त्यांनी कधी सांगितले नाही.

आईंसाठी आगटीजवळ खुर्ची मागून घ्या. आगटीभोवती जमिनीवर बसायची पद्धत आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाने कळ सोसण्यापेक्षा खुर्ची मागणे बरे.

नारायण पेठेतला :

विषय चांगला आहे, पण शहराबाहेर जाण्याचा हा अट्टहास मला कळत नाही. हिवाळ्यातले पुणे जेवणासाठी एवढे समृद्ध असते की दिवसभर गाडीत बसून काय मिळवायचे, असा प्रश्न पडतो. १८८६ साली बांधलेल्या आपल्या मंडईत या दिवसांत सकाळी सात वाजता गेलात तर पावट्याच्या शेंगा, टहाळ, ओली हळद, कोवळे मुळे, बोरे आणि चक्क हुरडासुद्धा ढिगाने दिसतो. कॅफे गुडलक १९३५ पासून बनमस्का आणि चहा देते आहे, आणि आमच्या पेठेतल्या बेडेकरांच्या मिसळीचा किंचित गोडसर रस्सा थंडीतच खरा समजतो. सहल दुपारी बारापर्यंत संपते आणि नंतर घरी झोपता येते.

शिवारातलीताईंचे वर्णन वाचून तोंडाला पाणी सुटले, हे मात्र मान्य करतो.

कोथरूडचा रहिवासी :

नारायण पेठेतले काका, तुमचा मुद्दा निम्मा मान्य आहे. मंडईत हुरडा मिळतो, पण आगटी मिळत नाही, आणि मुलांना कणीस कशाचे असते हे पुस्तकातच माहीत आहे. शिवाय दुपारी झोपता येणे हा तुमच्या पेठेचा निकष आहे. सहलीला तो लावू नये.

भीमाकाठ :

अंतराची अट १०० किलोमीटरची असेल तर भिगवण अगदी काठावर बसते, आणि मुलांना वेगळे काही दाखवायचे असेल तर त्याला तोड नाही. मी उजनीच्या काठचा असल्याने कदाचित पक्षपाती असेन.

उजनी धरणाचे पाणी सोलापूर रस्त्याला लागून भिगवणच्या मागे पसरलेले आहे. कुंभारगाव आणि डिकसळ या गावांच्या काठाला हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. चित्रबलाक आणि राखी बगळे बारमाही आहेत. आणि पट्टकादंब नावाचा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस हिमालय ओलांडून इथल्या हरभऱ्याच्या रानात चरायला उतरतो. इथले मासेमार आपल्या होड्यांतून पक्षी दाखवतात. त्यांना पक्ष्यांची इंग्रजी नावे तोंडपाठ झाली आहेत, पण होडी कुठवर न्यायची आणि वल्हे कधी थांबवायचे याचे ज्ञान मात्र त्यांच्या वडिलांच्या जाळ्यातून आलेले आहे.

एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. पाऊस चांगला झाला आणि धरण भरलेले राहिले, की रोहित उशिरा येतात. त्यांना चालण्यापुरते उथळ पाणी आणि खालचा चिखल लागतो, कारण ते चोच उलटी धरून चिखलातले बारीक जीव गाळून खातात. दहा फूट पाण्यात ते काय करणार? पाणी शेतीला सोडू लागले, काठ उघडा पडू लागला, की थवे दिसू लागतात. म्हणून डिसेंबरात घाई करून ‘एकही पक्षी दिसला नाही’ असे लिहिणाऱ्यांनी धरणाची पातळी पाहिलेली नसते. माझ्या मते जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ उत्तम आहे.

पुण्याहून पहाटे पावणेपाचला निघावे लागेल. हे ऐकून बहुतेक कुटुंबे बेत रद्द करतात. पण सूर्य उगवताना होडी पाण्यावर हवी, कारण धुके विरेपर्यंतच पक्षी जवळ येऊ देतात. गेल्या वर्षी माझ्या पाहुण्यांपैकी एक आजी होडीत बसायला घाबरत होत्या. नावाड्याने होडीत प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि काठावरच्या दोन पोरांनी त्यांना उचलूनच आत बसवले. पाण्याच्या मध्यावर पोहोचल्यावर समोरचा गुलाबी थवा एकदम उडाला, पंखांखालचा लाल-काळा रंग उघडा पडला, आणि आजी मोठ्याने ‘अगं बाई’ म्हणाल्या. नावाड्याने त्यांना हळू आवाजात दटावले. त्या नंतर तासभर एक शब्द बोलल्या नाहीत.

आता जेवण. परतल्यावर काठावरच्या घरांतच मासे मिळतात : चिलापीचा रस्सा, तळलेला मरळ, कधी वाम, सोबत ज्वारीची भाकरी आणि भात. चिलापी म्हणजे मुळात आफ्रिकेतला तिलापिया. आमच्याकडे तो इतका रुळला की त्याचे नावही मराठी झाले. काटे कमी असल्यामुळे मुलांना देता येतो. रस्सा कोकणी पद्धतीचा नसतो. नारळ नाममात्र, आणि भाजलेला कांदा, लसूण व काळा मसाला असतो. सकाळी होडीत बसण्यापूर्वीच किती ताटे लागतील ते सांगून ठेवावे. परतल्यावर सांगितले तर चूल त्यानंतर पेटते.

शाकाहारी मंडळींना पिठले-भाकरी मिळेल, पण खरे सांगायचे तर त्यांनी एवढ्या लांब जेवणासाठी येऊ नये, पक्ष्यांसाठी यावे.

गृहकृत्यदक्ष :

भिगवणहून परतताना यवतजवळ भुलेश्वरला जरूर वळावे. यादवकालीन शिवमंदिर डोंगरावर आहे, पण गाडी जवळपास वर जाते आणि पुढे थोड्याच पायऱ्या आहेत. बाहेरून ते किल्ल्यासारखे दिसते आणि आत शिरल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही. डोळे सरावले की भिंतीवरचे हत्ती, युद्धाचे पट आणि स्त्रीरूपातला गणपती दिसू लागतो. मुलांच्या हाती बॅटरी द्या आणि तो गणपती शोधायला सांगा. अर्धा तास निवांत मिळतो. तिथे जेवणाची मात्र आशा ठेवू नये.

सासवडकर :

सगळे पूर्वेकडेच निघालेले दिसतात, म्हणून दक्षिणेची बाजू मांडतो. दिवे घाट चढून गेले की पुरंदर तालुका लागतो, आणि थंडीत या तालुक्याने जेवायला काय द्यायचे ते ठरवून ठेवलेले आहे.

पहिले म्हणजे अंजीर. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बहुतेकांना अंजीर उन्हाळ्यातले वाटते, पण त्याचे दोन बहार असतात. खट्टा बहार डिसेंबर-जानेवारीत येतो आणि मीठा बहार मार्चनंतर. नावाप्रमाणे हिवाळ्यातला बहार कमी गोड असतो, हे खरे आहे. तरीही पहाटेच्या थंडीत झाडावरून काढलेले, देठाशी पांढरा चीक असलेले आणि तळाशी किंचित उकललेले अंजीर हातात घेऊन फोडले तर ते वर्षभर खाल्लेल्या सुक्या अंजिराची आठवण पुसून टाकते. रस्त्याकडेच्या टोपल्या घेताना सावध असावे. मी इथलाच असूनही एकदा फसलो आहे. वरचा थर देखणा होता आणि पानाखालचा थर आंबलेला. टोपली समोर रिकामी करून घ्यावी, विक्रेत्याचा चेहरा कसाही होवो.

दुसरे म्हणजे भरीत-रोडगा. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी म्हणजे चंपाषष्ठी. प्रतिपदेपासून सहा दिवस खंडोबाचे नवरात्र बसते आणि त्या दिवशी उठते. ज्या घरांत चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य असते, त्यांपैकी अनेक घरांत ते या दिवशी पुन्हा ताटात येते. बाजरीचा रोडगा, वांग्याचे भरीत, पातीचा कांदा असा नैवेद्य असतो. चार महिन्यांनी खाल्लेल्या भरिताची चव ज्याने रोज वांगे खाल्ले त्याला कळणार नाही, असे आमची आजी म्हणे, आणि मंडईत बाराही महिने मिळणाऱ्या वांग्यांवर तिचा राग होता.

आपल्या मातोश्रींचे गुडघे पाहता मी जेजुरीचा गड सुचवणार नाही. चंपाषष्ठीला तर मुळीच नाही. भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या पायऱ्यांवरून गर्दीत उतरणे धडधाकट माणसालाही अवघड जाते. त्याऐवजी सासवडमध्ये सोपानदेवांची समाधी आणि कऱ्हेकाठचे संगमेश्वर पाहावे, तिथून नारायणपूरला जावे. समोर पुरंदर दिसतो, ज्याच्या पायथ्याशी १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगाशी तह होऊन २३ किल्ले द्यावे लागले. किल्ल्यावर सैन्याचे नियंत्रण आहे, त्यामुळे जायचे असेल तर सर्वांची ओळखपत्रे बरोबर ठेवावीत. नारायणपूरच्या रस्त्यावर घरगुती जेवण देणारी बरीच घरे आहेत. ज्या घराबाहेर ‘पंजाबी, चायनीज’ असे लिहिलेले नाही तिथे थांबावे, एवढाच माझा नियम आहे.

नारायण पेठेतला :

सासवडकर, ‘कमी गोड’ असे प्रामाणिकपणे लिहिणारा अंजीरवाला प्रथमच भेटला. आम्ही सगळे अंजीर ‘एकदम साखर’ असेच ऐकत आलो आहोत.

ओतूरची लेक :

जुन्नर भागाचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, याचे आश्चर्य वाटते. चाकणची कोंडी पार करण्याचे धैर्य असेल तर मासवडीसाठी या.

शाकाहारी पदार्थाला मासवडी का म्हणतात हे तिची वडी कापलेली पाहिली की समजते. ती माशाच्या तुकडीसारखी दिसते. बेसन पिठल्यासारखे घोटून घट्ट शिजवतात आणि गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापतात. त्यावर सुके खोबरे, तीळ, लसूण, परतलेला कांदा आणि मसाला यांचे सारण पसरून फडक्याच्याच आधाराने गुंडाळतात. बेसन निवले तर गुंडाळताना तडकते आणि फार गरम असेल तर बोटे भाजतात. माझी सासू या कामाच्या वेळी कोणाशी बोलत नसे. मग सुरीने वड्या पाडतात आणि बाजूला झणझणीत काळा रस्सा देतात. वड्या रस्स्यात आधीपासून बुडवून ठेवलेल्या असतील तर ते हॉटेल सोडावे. वडी कोरडी यायला हवी आणि बाजरीच्या भाकरीच्या घासाबरोबर आपण ती रस्स्याला लावायची असते.

ठिकाण म्हणाल तर शिवनेरी आणि लेण्याद्री दोन्हींना पायऱ्या बऱ्याच आहेत. ओझरचा विघ्नेश्वर सपाटीवर आहे. आणि मुलांसाठी खोडद : जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तिथल्या परिसरात उभ्या आहेत. द्राक्षाच्या मांडवांमधून जाताना अचानक शेताच्या पलीकडे एखादी अवाढव्य जाळीदार तबकडी आकाशाकडे तोंड करून उभी दिसते. त्या परिसरात मोबाइल बंद ठेवायला सांगतात, कारण दुर्बीण ज्या रेडिओ लहरी टिपते त्यांच्यापुढे आपल्या खिशातला फोन म्हणजे कानाशी वाजणारा ढोल आहे. तेरा वर्षांच्या मुलाला फोन बंद करण्याचे याहून पटणारे कारण मला मिळालेले नाही.

लोकलचा प्रवासी :

गाडी चालवायचीच नसेल तर सकाळच्या लोणावळा लोकलने मळवलीला उतरून भाजे लेणी, हाही पर्याय आहे. पायऱ्या आहेत, त्यामुळे तुमच्या मातोश्रींसाठी नाही. मावळात नव्या इंद्रायणीचा भात या दिवसांत मिळतो, मऊ आणि सुवासिक. त्यावर साधे वरण आणि तूप असले तरी पुरे. बाकी त्या पट्ट्यात जेवणापेक्षा चिक्की जास्त आहे.

गडावरचा :

सिंहगडाचा उल्लेख झाला नाही म्हणजे सगळ्यांनी तो गृहीत धरला असावा. वर पिठले-भाकरी, वांग्याचे भरीत, मिरचीचा ठेचा, कांदाभजी आणि मडक्यातले दही मिळते, हे पुण्यात सर्वांनाच ठाऊक आहे. पण ते कधी खावे हे फार थोड्यांना ठाऊक आहे. रविवारी अकरा वाजता घाटात गाड्यांच्या रांगेत उभे राहून वर पोहोचलेल्या माणसाला घाईघाईने थापलेली भाकरी मिळते. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेआठला जा. भाकरी थापणाऱ्या मावशींना वेळ असतो, भाकरी चुलीच्या कडेला उभी करून फुगवतात आणि पिठल्याला तळाशी खरपुडी धरलेली असते. ती खरपुडी मागून घ्यावी लागते. मागितली नाही तर मिळत नाही. ज्या कोंढाण्यासाठी ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कडा चढून गेले, तिथे आपण चारचाकीतून जाऊन ‘दही आंबट आहे’ अशी तक्रार करतो, याची मला दर वेळी थोडी लाज वाटते. तरी मी दही दोन मडकी खातो.

शिवारातली :

भाकरी चुलीच्या कडेला उभी करण्याबद्दल सहमत. गॅसवर फुगते, पण कड भाजली जात नाही.

धागाकर्ते, काही ठरले का? पौष निम्मा सरला. आमच्याकडे आणखी दोन आठवडे हुरडा मिळेल, त्यानंतर दाणा कडक होईल.

कोथरूडचा रहिवासी :

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. गेल्या गुरुवारी मुलांची शाळा बुडवून जाऊन आलो. (शाळेला कारण ‘कौटुंबिक’ असे दिले, आणि ते खोटे नव्हते.) शिवारातलीताईंनी सांगितलेला प्रश्न मी तीन ठिकाणी विचारला. पहिल्या ठिकाणी ‘साहेब, हुरडा रोजच असतो’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी पॅकेजचे तीन प्रकार सांगितले. तिसऱ्या ठिकाणी, दौंडकडच्या एका शेतकऱ्याने, ‘थांबा, रानात जाऊन बघतो’ म्हणून फोन ठेवला आणि वीस मिनिटांनी स्वतः फोन करून ‘गुरुवारी या, बुधवारी कोवळा असेल’ असे सांगितले. तिथेच गेलो.

सकाळी भुलेश्वर पाहिले. धाकटीला स्त्रीरूपातला गणपती सापडला, थोरल्याला सापडला नाही, यावरून गाडीत बराच वेळ वाद चालला. साडेदहाला शेतावर पोहोचलो. आईसाठी खुर्ची मागितली होती. ती आगटीजवळ ठेवली, पण आई पाच मिनिटांत खुर्ची सरकवून पाटावर बसली, आणि ‘गुडघे?’ असे विचारल्यावर तिने माझ्याकडे असे पाहिले की मी पुन्हा विचारले नाही. वडिलांनी घड्याळ काढून खिशात ठेवले आणि कणीस स्वतः चोळायला घेतले. पहिल्या कणसाला ‘हाय हाय’ करून त्यांनी ते सोडून दिले, दुसरे मात्र पुरते मोकळे केले. तळहात लालबुंद झाले होते आणि चेहऱ्यावर १९३५ च्या थंडीचा विषय काढल्यावर येतो तसा आनंद होता. त्यांना लहानपणी, बार्शीजवळच्या आजोळी, हे काम येत होते, ही गोष्ट आम्हाला त्या दिवशी प्रथमच कळली.

एक चूक झाली. हुरडा इतका खाल्ला की दुपारच्या भरीत-भाकरीला कोणाच्याच पोटात जागा उरली नाही, आणि ज्या घरातल्या बाईंनी चुलीवर बारा भाकऱ्या थापल्या होत्या त्यांच्यापुढे आम्ही ओशाळलो. त्यांनी त्या भाकऱ्या फडक्यात बांधून बरोबर दिल्या आणि पैसे हुरड्याचेच घेतले. पुढे जाणाऱ्यांनी आधी सांगावे : हुरडा असेल तर जेवण निम्म्या माणसांचेच.

आईने निघताना अर्धा किलो हुरडा घरी आणला. संध्याकाळपर्यंत तो ताईंनी सांगितल्याप्रमाणे वातड झालाच, पण दुसऱ्या दिवशी तिने तो खलबत्त्यात भरड कुटून, कांदा-कोथिंबीर घालून त्याची थालीपिठे लावली. नारायण पेठेतल्या काकांसाठी कळवतो की ती खाऊन मी दुपारी दोन तास झोपलो.

नारायण पेठेतला :

अभिनंदन. खलबत्ता अजून घरात आहे, हे वाचून अधिक आनंद झाला. आमच्याकडच्यात आता तुळस लावलेली आहे.

भीमाकाठ :

पाणी उतरू लागले आहे. परवा डिकसळच्या जुन्या रेल्वे पुलाच्या बाजूला दोनेकशे रोहित होते. होडीतली खुर्ची राखून ठेवू का?

कोथरूडचा रहिवासी :

फेब्रुवारीचा पहिला आठवडा ठेवा. मासे पाच ताटे, पिठले एक. पहाटे पावणेपाचला निघण्यास वडील आणि मुले तयार आहेत. आई म्हणते, आधी पक्ष्यांना विचारा की त्यांना साडेसात चालतील का.